नको म्हणणारी कोरांटी

हं, पांघरुणं घ्या आता. मुक्ते, भिंतीकडे सरक, धाकट्याला जागा दे. पाणी पिऊन झालं ना सगळ्यांचं? मग मध्येच कुणी उठायचं नाही. आजची गोष्ट पाण्याचीच आहे.

एक होता राजा, गोमाजी नावाचा. त्याचं नगर तुडुंबपूर. नदी तटाला लागून वाहायची, विहिरी काठोकाठ, हौद भरलेले. इतकं पाणी, की तिथल्या मांजरांनासुद्धा पोहता यायचं, बरं का.

माणसं भारी प्रेमळ. पण त्यांना एक खोड होती, आग्रहाची. दारावरून कुणी गेला की त्याला पाणी पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. मग पाण्याबरोबर गूळ, गुळावर लाडू, लाडवावर जेवण. पाहुणा म्हणायचा, "नको." आता तुडुंबपुरात नको म्हणजे काय? तर भीड. बिचारा लाजतोय, वाढा त्याला दुप्पट. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढायचे. तुमच्या आजोबांची एक मामी होती, अगदी तिथलीच शोभावी अशी. तिच्या पंगतीतून उठलेला माणूस सरळ चालताना मी कधी पाहिला नाही. असो.

मग राजाचं लग्न झालं. राणीचं नाव सगुणा. ती होती खडकमाळची. तिथं सगळा मुरूम, खडक आणि ऊन. पाऊस आला तर आला, नाहीतर पुढच्या वर्षी बघू म्हणायचा. पण तिला तो माळ फार प्यारा होता. माहेर कसंही असलं तरी माहेरच ते.

खडकमाळची एक रीत होती. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाबरोबर कोरांटीची फांदी घालायची. कोरांटी ठाऊक आहे ना? आपल्या कुंपणाशी आहे ती, काटेरी, पिवळ्या फुलांची. काल तुझा चेंडू त्यात गेला तेव्हा कोण रडत आलं होतं? हं, तीच. तर ती फांदी लेकीनं सासरच्या अंगणात लावायची. ती फुलली की समजायचं, लेक तिथं रुजली. मग भाऊबीजेला भाऊ येणार, पहिलं फूल बहिणीच्या केसांत माळणार आणि तिला माहेरी घेऊन जाणार. फूल येईपर्यंत मात्र माहेरची वाट बंद.

राणीनं अंगणात फांदी लावली. राजानं प्रेमानं विचारलं, "सगुणे, हिला काय काय लागतं?"

राणी विचारात पडली. कारण खडकमाळला कोरांटी कुणी मुद्दाम लावत नसे आणि कुणी जपतही नसे. ती आपली असायची, बांधावर, कपारीत, वाटेच्या कडेला. कुणी तिच्याकडे वळून बघायचं नाही आणि ती फुलायची थांबायची नाही. मग राणी खरं तेच बोलली. "हिला काही नको," म्हणाली.

राजा हसला. त्याला वाटलं, नवी नवरी आहे, लाजते आहे.

मग काय झालं? नगरात बातमी पसरली, राणीसाहेबांच्या माहेरून पाहुणी आलीय. आणि पाहुणीला पाणी नको का विचारायला? गवळी आला, त्यानं तांब्याभर ओतलं. परीट आला, त्यानं घागर ओतली. कोतवाल गस्त घालता घालता फेरीला एक कळशी घालू लागला. शाळेला निघालेली पोरंसुद्धा चुळा भरायच्या त्या तिथंच भरू लागली. रुजायची म्हणून फांदी रुजली, पण घोट्याएवढ्या चिखलात उभी. जरा वाऱ्याची झुळूक आली आणि एक दिवस अंगणातून आवाज आला.

"आक्-छीं!"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कोण शिंकलं? तर कोरांटी. तिला सर्दी झाली होती. एक शिंक आली की मूठभर पानं पिवळी होऊन खाली. दुसरी शिंक, अजून मूठभर.

दिवाळी आली. भाऊबीजेला राणीचा भाऊ भिवाजी आला, उंच, काटकुळा, मोठ्या मिशांचा. त्यानं झाड बघितलं. फूल कुठलं, कळीसुद्धा नव्हती. राणीनं त्याला ओवाळलं. तो जेवला आणि "नगं" म्हणाला, म्हणून त्याला पुन्हा जेवायला घातलं. मग तो एकटाच परत निघाला. त्याच्या घोड्यानं एकदा मागं वळून बघितलं, की हा तोच माणूस का आणखी कुणी बसलंय. राणी मात्र सज्जात उभी राहून वाटेकडे बघत राहिली. तिला आईची फार आठवण येत होती.

दुसऱ्या वर्षी राजाच्या आई पुढं झाल्या, आऊसाहेब. त्या म्हणाल्या, "पोटात काही नसेल तर पोर फुलेल कशी? सूनबाई, हिला काय घालू?"

"काही नको, आऊसाहेब," राणी म्हणाली.

"गुणाची गं बाई," म्हणत आऊसाहेबांनी पदर खोचला. मग कोरांटीच्या बुंध्याशी शेणखत पडलं, त्यावर शेंगदाण्याची पेंड, पेंडीवर ताक. सणाच्या दिवशी पुरण. झाड जे गुटगुटीत झालं म्हणता! पानं हिरवीगार, तळहाताएवढी. पण फूल? नाव नाही. मी सांगते तुम्हाला, भरल्या पोटी झाड फुलं कशाला धरील? ते पानं वाढवत बसतं आणि ढेकर देतं. तुमचं नाही का, लाडू खाऊन पाढे म्हणायला बसवलं की जांभया येतात?

पुन्हा भाऊबीज आली. भिवाजी आला, जेवला, पुन्हा जेवला आणि एकटाच गेला.

तिसऱ्या वर्षी राजा स्वतः पुढं झाला. त्यानं विचार केला, पाणी आहे, खाणं आहे, मग ऊन बाधत असेल. त्यानं कोरांटीवर मांडव घातला. चारी बाजूंना वाळ्याचे ओले पडदे सोडले. वारा घालायला एक माणूस ठेवला. राणी म्हणाली, "अहो, नको," पण राजा म्हणाला, "तू काळजी करू नकोस."

आता कोरांटी उन्हाची लेक. सावलीत तिचा जीव रमेना. ती उन्हाला शोधत लांबच लांब वाढली, किडकिडीत झाली आणि पडद्याच्या फटीतून मान बाहेर काढून बसली. मग एक दिवस सगळा दरबार जमलेला असताना ती शिंकली आणि चक्क बोलली. खडकमाळची ना ती, तिकडच्याच बोलीत बोलली.

"नगं. पानी नगं. पेंड नगं. मांडव बी नगं."

झाड बोललं म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? मग आऊसाहेबांनी कौतुकानं गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगबाई, किती लाजते बघा. आणा रे अजून."

आणि आणलं की हो!

तिसरी भाऊबीज आली. भिवाजी आला तो दारातूनच पोटावर हात ठेवून आला. फूल नव्हतंच. राणीनं त्याला ओवाळलं. भिवाजी हळूच म्हणाला, "सगुणे, आय इचारत हुती. आता तिला दिसाया कमी लागलंय. म्हनाली, डोळं हाईत तवर लेक बघू दे."

तो गेला. त्या दिवशी राणीचं ताट जसंच्या तसं परत आलं. तुडुंबपुरात भरलं ताट परत आलेलं कुणी बघितलं नव्हतं. राजा धावत आला, आऊसाहेब आल्या. लाडू घे, खीर घे, निदान एक घास घे. राणी कुणावर रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आता मला काही नको."

राजा घाबरला. प्रेम होतं हो त्याचं, त्यात काही खोट नव्हती. ऐकण्यात तेवढा कच्चा होता. त्यानं घोड्यावर जीन कसलं आणि म्हणाला, "मी खडकमाळला जातो. ही कोरांटी फुलवतात कशी ते विचारूनच येतो."

बरोबर लाडवांचे डबे घेतले होते. ते वाटेत भेटेल त्याला आग्रह करकरून वाटून टाकले, तुडुंबपूरचाच ना तो. आता तो सासूबाईंच्या पुढ्यात पोचला तेव्हा जवळ काही म्हणता काही नाही, आणि पोटात कावळे ओरडत होते.

खडकमाळच्या राणीनं, म्हणजे सगुणेच्या आईनं, जावयाला पाट मांडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. राजानं भाकरी कधी संपवली ते त्यालाही कळलं नाही. सासूबाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि विचारलं, "जावईबापू, आनखी भाकरी वाढू?"

आता जावयानं एकदम हो म्हणायचं असतं का? तो रीतीप्रमाणे म्हणाला, "नको, नको."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. फडकं झाकलं आणि टोपली उचलून आत गेल्या.

राजाचा हात ताटावर आडवा तो तसाच राहिला.

मग दिवेलागणीला त्या दुधाचा पेला घेऊन आल्या. "दूध घेता?"

राजाला वाटलं, आता तरी दोनदा विचारतील. तो म्हणाला, "छे, छे, नको."

"बरं," म्हणून त्यांनी ते दूध समोर बसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराला दिलं. तो एका घोटात प्यायला आणि मिशा पुसत राजाकडे बघून हसला.

सकाळी सगळे रानात गेले. थंडीचे दिवस. शेतात आगटी पेटवली होती आणि ज्वारीचा हुरडा भाजत होता. वर शेंगदाण्याची चटणी, गूळ. तो वास तुम्हाला काय सांगू! राजाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी गरम हुरडा हातावर चोळला, फुंकला आणि ओंजळ पुढं केली. "हुरडा खाता, जावईबापू?"

राजाचं पोट म्हणालं हो. राजाचे डोळे म्हणाले हो. पण जिभेची सवय मोठी वाईट. जीभ म्हणाली, "नको."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच खायला लागल्या.

राजा उठून माळावर निघून गेला. एका धोंड्याला टेकून बसला आणि समोर बघतो तर काय! दगडाच्या कपारीत कोरांटी. पलीकडे कोरांटी. बांधावर कोरांटीच कोरांटी, आणि सगळी पिवळीधमक फुललेली. पाणी नाही, खत नाही, मांडव तर नाहीच. वर उघडं ऊन, खाली मुरूम. आणि शिंका? एकही नाही.

तेवढ्यात सासूबाई त्याला शोधत आल्या. राजानं विचारलं, "मामी, यांची निगा कोण ठेवतं?"

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "पाऊस आला की पित्यात, न्हाई आला तर उभ्या ऱ्हात्यात. फुलं सरली की आमी दात घासाया फांद्या मोडून नेतो. सारं गाव मोडतंय. मग पावसाळ्यात नव्या फांद्या फुटत्यात. त्येवढंच."

तेवढ्यात राजाच्या पोटानंच मोठ्यांदा गुरगुर केलं.

"मामी," तो खाली मान घालून म्हणाला, "मला भूक लागलीय. कालपासून."

"आता काय म्हनावं! मग तसं सांगायचं की. तीन डाव इचारलं, तुमी नगं म्हनालात."

"मी नको म्हणालो, पण मला हवं होतं."

सासूबाईंना हे काही कळेना. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं दाना कमी. कुनी नगं म्हनलं की दुसऱ्याच्या मुखी जातंय. म्हनून नगं म्हंजी नगं, आन हवं म्हंजी हवं. मानसाचं बोलनं खरं न्हाई धरायचं तर धरायचं काय?"

तेव्हा राजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगुणेला पहिल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली होती, हिला काही नको. मग आऊसाहेबांना म्हणाली, मग पुन्हा मला म्हणाली. झाडसुद्धा म्हणालं. आणि आपण काय केलं? राजाला स्वतःची फार लाज वाटली. मग त्यानं भाकऱ्या खाल्ल्या. किती ते विचारू नका.

राजा परत आला. आधी राणीकडे गेला. "सगुणे," म्हणाला, "तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हतो. चुकलो."

राणीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आता चला, कुदळ घ्या."

दोघांनी मिळून मांडव पाडला. कोरांटी चिखलातून मुळांसकट उचलली. तटाजवळ भर उन्हाची जागा होती, तिथं मुरूम आणि दगडगोट्यांचा उंचवटा केला, म्हणजे पाणी साचायला नको. त्यावर ती लावली. कुजकी मुळं काढली, लांबलेल्या फांद्या वीतभर ठेवून छाटल्या. राहिले नुसते खुंट. मग दवंडी पिटली, "ऐका हो ऐका, कोरांटीला कुणी पाणी घालू नये हो!"

तुडुंबपुरात हाहाकार उडाला. पाहुणीला तहानलेली ठेवायची? परीट रडला. कोतवाल लांबच्या गल्लीनं गस्त घालू लागला, म्हणे मला बघवत नाही. आऊसाहेबांनी तर राजाशी अबोला धरला. एक दिवस राजानं त्यांना तटाजवळ पकडलंच.

"आऊसाहेब, पदराखाली काय आहे?"

"काही नाही. तुळशीला पाणी घालायला निघाले होते."

"तुळस मागच्या अंगणात आहे."

आऊसाहेबांनी तांब्या बाहेर काढला. मग राजा म्हणाला, "हवं तर तिलाच विचारा. पण एकदाच, आणि ती म्हणेल ते ऐकायचं."

आऊसाहेब वाकल्या. "पाणी घेतेस का गं?"

"नगं," कोरांटी म्हणाली.

आऊसाहेबांच्या तोंडावर आलं होतं, अगं घे गं. तो शब्द त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला. "बरं," म्हणाल्या. आणि हातातल्या पाण्याचं काय करावं सुचेना म्हणून ते स्वतःच पिऊन टाकलं.

मग उन्हाळा आला. कोरांटी काटक्यांसारखी दिसायला लागली. राणी रोज सकाळी जाऊन बघायची, नखानं साल खरवडायची. आत हिरवी आहे ना? आहे. मग तेवढ्यावर दिवस काढायची. एकदा वैशाखाच्या भर दुपारी राजा जवळून चालला होता, तर बारीक आवाज आला. "वाईच पानी."

राजा धावला, घागर आणली आणि ओतू लागला. जरा वेळानं आवाज आला, "बास." घागर अर्धी भरलेली होती. राजाचा हात किती शिवशिवला असेल! पण त्यानं घागर बाजूला ठेवली.

मग पाऊस झाला. उंचवट्यावरून पाणी वाहून गेलं आणि खुंटांना फांद्या फुटल्या, एकाला चार चार. नवरात्रात कळ्या दिसल्या. आणि भाऊबीजेच्या सकाळी भिवाजी पोटावर हात धरून भीत भीत वेशीत शिरतो, तर तटाजवळ सगळं नगर जमलेलं. कोरांटीला पिवळं फूल आलं होतं. भिवाजीनं ते खुडलं आणि बहिणीच्या केसांत माळलं. राणी हसायला लागली आणि हसता हसता रडली. आऊसाहेब तर नुसत्याच रडल्या.

राणी माहेरी निघाली. राजा विचारू लागला, "शालू देऊ बरोबर?" "नको." "बरं. लाडू?" "लाडू द्या, आईला." मग राजा जरा घुटमळला आणि म्हणाला, "मी येऊ का?"

"नको," राणी म्हणाली.

राजाचं तोंड एवढंसं झालं. तरी तो म्हणाला, "बरं."

मग राणी म्हणाली, "शेवटचं फूल गळायच्या आत येते."

राणी गेली. राजा रोज कोरांटीपाशी जाऊन बसायचा. आज इतकी फुलं, उद्या तितकी. पौष गेला, माघ लागला, फुलं कमी कमी होत चालली. शेवटी एकच उरलं. राजानं ते दोऱ्यानं देठाला बांधायचं ठरवलं आणि विचारलं, "बांधू का?" कोरांटी म्हणाली, "नगं." राजा दोरा हातात घेऊन तसाच बसून राहिला.

तेवढ्यात वेशीकडून घुंगरं वाजली. राणी आली. आईनं डोळे भरून लेक बघितली होती, लेकीनं आई बघितली होती. राणीनं पदराची गाठ सोडली. "आईनं पाठवलंय," म्हणाली. "हुरडा खा..."

"हो," राजा म्हणाला. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत, आणि एवढ्या मोठ्यानं, की तटावरची कबुतरं उडाली.

मग फुलं सरल्यावर सगळ्या नगरानं दात घासायला फांद्या मोडून नेल्या. ज्यानं त्यानं त्यातली एक आपल्या दाराशी खोचली. तुडुंबपुरात अजून आग्रह करतात, पण एकदाच. आणि सगळे सुखानं राहिले, आपापल्या भुकेइतकं जेवून.

झाली गोष्ट. आता मी एकदाच विचारते, पाणी हवंय कुणाला? नको ना? बरं. मग पुन्हा तांब्या वाजलेला मला ऐकू येता कामा नये. काय गं मुक्ते? अजून एक गोष्ट?

नको. आणि आजीचं नको म्हणजे नको. झोपा.